पेटीत काय भरावे? एकोणिसाव्या शतकातील विलायतवारीच्या तयारीविषयी

मराठी प्रवासवर्णनांचा अभ्यास करताना एक सवय आपल्याला जडलेली आहे. प्रवासी परक्या किनाऱ्यावर उतरला की आपण वाचू लागतो. लंडनचे धुके, न्यूयॉर्कच्या उंच इमारती, तिकडच्या लोकांची वक्तशीरता, तिथल्या स्त्रियांचे स्वातंत्र्य, हे सारे प्रश्नपत्रिकेत येते. उतरण्याआधीची पाने मात्र आपण भरभर उलटतो. पैशांची जमवाजमव, शिंप्याकडचे हेलपाटे, नातलगांचा विरोध, बरोबर घ्यावयाच्या वस्तूंची यादी, जहाजावरचे पहिले चार दिवस. हा सगळा मजकूर आपल्याला प्रास्ताविक वाटतो. आमच्या मते मूळ नाट्य याच पानांत आहे. एकोणिसाव्या शतकात समुद्र ओलांडणाऱ्या भारतीय माणसाची पेटी म्हणजे त्याने स्वतःपुरते दिलेले एक उत्तर होते. परदेशी जाऊन मी काय राहणार आहे आणि काय सोडणार आहे, हा त्यामागचा प्रश्न. या लेखात त्या पेटीचा थोडा मागोवा घ्यावा असा विचार आहे.

(१)

आरंभ निषेधापासून करावा लागतो. बौधायन धर्मसूत्राने समुद्रसंयान हे पतनीय कर्मांत घातले आणि त्याच वेळी ती उत्तरेकडच्या लोकांची रूढी असल्याचेही नोंदवले. म्हणजे लोक जात होते, म्हणून निषेध करावा लागत होता. मनुस्मृतीने समुद्रावर जाणारा ब्राह्मण श्राद्धाच्या पंक्तीला अपात्र ठरवला. पुढे कलिवर्ज्यांच्या यादीत नियम आणखी कडक झाला. समुद्रप्रवास करून आलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले तरी त्याला व्यवहारात घेऊ नये, असे सांगितले गेले. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या वचनांची सविस्तर चर्चा केलेली आहे.

या वचनांतला ‘द्विज’ हा शब्द नजरेआड होऊ देता कामा नये. कोळी, भंडारी, गाबीत यांच्यासाठी समुद्र हे रोजचे शेत होते. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारावर चढणाऱ्या खलाशाला कलिवर्ज्ये विचारून शीड उभारावे लागत नव्हते. ‘महाराष्ट्राला समुद्र वर्ज्य होता’ असे वाक्य विद्यार्थी सहज लिहून जातात. ते पुसून ‘महाराष्ट्रातल्या काही जातींना’ असे लिहावयास हवे. निषेध होता तो वरच्या जातींना, आणि त्यांच्यापैकीही त्यांना, ज्यांचे घरचे व्यवहार, सोयरीक आणि पंगत त्या निषेधावर अवलंबून होती.

दुसरी गोष्ट अशी की, प्रत्यक्ष व्यवहारात भीती पाण्याची कमी आणि पाण्यावर शिजणाऱ्या अन्नाची अधिक होती. जहाजावर स्वयंपाक कोण करतो, पाणी कोणाच्या हातचे, भांडी कोण घासतो, हे प्रश्न किनाऱ्यावर जितके जिवंत होते तितकेच तेथेही. १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये प्यालेल्या एक कप चहाने केवढे वादळ उठले ते सर्वश्रुत आहे. आणि तेथे तर समुद्राचा थेंबही नव्हता. म्हणून विलायतेला निघालेल्या माणसाच्या सामानात कपड्यांइतकीच, किंबहुना अधिक, महत्त्वाची होती ती शिदोरी.

सामान आणि धर्म यांची गाठ किती घट्ट असे, याचे उदाहरण लष्करी इतिहासातही सापडते. १८२४ मध्ये बराकपूरच्या ४७ व्या पलटणीला ब्रह्मदेशाच्या युद्धासाठी चितगावकडे निघण्याचा हुकूम झाला. प्रत्येक शिपायाची स्वतःची पितळी भांडी असत; ती दुसऱ्याला चालत नसत. सामान वाहण्यासाठी बैल मिळेनात, आणि पाठीवरच्या ओझ्यात भांडी मावेनात. सरकारने दाद दिली नाही, शिपायांनी कूच नाकारले आणि शेवटी त्यांच्यावर तोफा चालल्या. बंडामागे समुद्रप्रवासाची धास्ती होती, तशीच ही भांड्यांची अडचणही होती. सरकारच्या लेखी जी वस्तू ‘जादा सामान’, ती शिपायाच्या लेखी त्याची जात होती.

(२)

मराठी मुलखातून इंग्लंडला गेलेल्या आरंभीच्या माणसांत रघुनाथरावांचे वकील येतात. हनुमंतराव नावाचा ब्राह्मण आणि मणियार नावाचा पारशी हे १७८१ मध्ये लंडनला पोहोचले. तेथे राहण्या-जेवण्याचे त्यांचे हाल एडमंड बर्कच्या ध्यानात आले. त्याने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेले आणि बागेतले काचघर त्यांच्या हवाली केले. आपापल्या आचाराप्रमाणे त्यांनी तेथे स्वयंपाक करावा आणि राहावे. परतल्यानंतर या दूतांच्या शुद्धीसाठी सोन्याची योनी घडवून तीतून त्यांना पार करविले, म्हणजे नवा जन्म दिला, अशी नोंद फ्रान्सिस विलफर्डने केलेली आहे. पुढे साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची कैफियत घेऊन गेलेले रंगो बापूजी गुप्ते १८५३ पर्यंत लंडनमध्ये तळ ठोकून होते. परंतु हे सारे राजकारणासाठी गेलेले वकील होते. ते आपल्याबरोबर शक्य तेवढे घर घेऊन जात, आणि त्यांच्या जाण्यामागे धन्याची आज्ञा असे.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला आणि चित्र पालटले. आफ्रिकेला वळसा घालून जाण्याच्या मानाने मुंबई-लंडन अंतर सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले. महिन्यांचा प्रवास आठवड्यांवर आला. आता वकिलांच्या जोडीला विद्यार्थी जाऊ लागले: बॅरिस्टर होण्यासाठी, सिव्हिल सर्व्हिससाठी, वैद्यकासाठी. या नव्या प्रवाशामागे राजाज्ञा नव्हती, बरोबर आचारी नव्हता, आणि खिशात मोजके पैसे होते. त्यामुळे पेटीत काय भरावे, हा प्रश्न प्रथमच एकट्या माणसाचा प्रश्न झाला.

इंग्रज प्रवाशाला याची उत्तरे छापील मिळत. फ्लोरा अॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांचे हिंदुस्थानातल्या गोऱ्या गृहिणींसाठी लिहिलेले पुस्तक १८८८ मध्ये निघाले आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या खपल्या; कोणत्या हवेला कोणते कपडे लागतील याच्या याद्या त्यात आहेत. आगबोटींच्या कंपन्यांचीही शिस्त ठरून गेलेली होती. सामानाला चिठ्ठ्या लागत. काही केबिनमध्ये न्यावयाचे, काही ‘प्रवासात लागणारे’, काही ‘प्रवासात न लागणारे’. शेवटचे जहाजाच्या पोटात जाई आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत त्याचे दर्शन घडत नसे. मधल्या गटातल्या पेट्या ठरावीक दिवशी उघडू देत. केबिनची ट्रंक बर्थखाली सरकेल इतकी बुटकी असे. डेकवर बसावयाची खुर्चीसुद्धा पुष्कळ प्रवासी स्वतःची आणीत आणि तिच्यावर आपले नाव रंगवून घेत.

मराठी घरात यातले काहीच ठाऊक नव्हते. घराला ठाऊक होती ती काशीयात्रेची तयारी आणि प्रस्थान ठेवण्याची चाल. निघण्याचा मुहूर्त आणि निघण्याची सोय जुळत नसेल, तर मुहूर्तावर एक लहानसे गाठोडे शेजारघरी किंवा देवळात नेऊन ठेवावयाचे. शास्त्रापुरते माणूस निघाला असे समजावयाचे, आणि मग सवडीने खरोखर निघावयाचे. म्हणजे आपल्याकडे सामान हे माणसाच्या आधी निघत असे आणि त्याचा प्रतिनिधी म्हणून उभे राहत असे. ही कल्पना फार बोलकी आहे. जातो म्हणू नये, येतो म्हणावे. निघताना हातावर दही घालावे. या सगळ्या आचारांचे गमक एकच की, जाणारा परत यावा. विलायतवारीपुढची अडचण नेमकी हीच होती. शरीराने परत येणाऱ्यालाही घरात परत घेतले जाईल याची शाश्वती नव्हती.

(३)

१८८३ च्या एप्रिल महिन्यात दोन मराठी स्त्रिया तेरा दिवसांच्या अंतराने दोन बंदरांतून निघाल्या. ७ एप्रिलला कलकत्त्याहून आनंदीबाई जोशी, आणि २० एप्रिलला मुंबईहून पंडिता रमाबाई. एक अठरा वर्षांची सौभाग्यवती, एक पंचविशीत पदार्पण करणारी विधवा, जिच्या कडेवर दोन वर्षांची मनोरमा होती. दोघींचे पुढचे चरित्र वाचकांना ठाऊक आहे. येथे आपण केवळ त्यांच्या निघण्याकडे पाहू.

आनंदीबाईंनी केलेली सर्वांत मोठी तयारी वस्तूंची नव्हती, शब्दांची होती. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी इंग्रजीत जाहीर भाषण केले. लोक जे प्रश्न पाठीमागे विचारीत ते त्यांनी स्वतःच क्रमवार मांडले: अमेरिकेलाच का? येथे शिकण्याची सोय नाही का? एकटीच का? परतल्यावर वाळीत टाकतील त्याचे काय? काही संकट आले तर? जे आजवर आपल्यापैकी कोणत्याही स्त्रीने केले नाही ते तूच का करतेस? वाळीत टाकण्याच्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. आपण चालीरीतींत, अन्नात, पोशाखात बदल करणार नाही. हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणून परत येऊन राहू. वाळीत टाकावयाचेच तर आताच का टाकीत नाही, असा त्याचा आशय.

हे उत्तर नीट पाहिले तर ती सामानाची यादीच आहे. अन्न आणि पोशाख. टीकाकाराला शांत करण्यासाठी एका सतरा वर्षांच्या मुलीने आपली पेटी भर सभेत उघडून दाखवली, आणि त्यात परके काही नसेल याची हमी दिली. प्रवासखर्चासाठी त्यांनी सोन्याच्या बांगड्या विकल्या असे चरित्रकार सांगतात. म्हणजे पेटीत काय घालावयाचे याबरोबर पेटीतून काय काढावयाचे हेही ठरले. अमेरिकन मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने, नवरा बरोबर नसताना, सुमारे दोन महिन्यांचा प्रवास करून ४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या.

दिलेली हमी हवेच्या कसोटीला उतरणे कठीण होते. नऊवारी लुगडे मुंबई-पुण्याच्या हवेसाठी घडलेले वस्त्र आहे. त्यात पोटऱ्या उघड्या राहतात. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात त्याचा निभाव लागणे शक्य नव्हते, आणि अमेरिकन शिष्टाचारात पायाचा घोटा दिसणेही प्रशस्त नव्हते. आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीने पायघोळ साडी आणि लांब बाह्यांचा अंगरखा सुरू केला. आज हा बदल क्षुल्लक वाटेल. पण ज्या मुलीने पोशाख बदलणार नाही असे जाहीर वचन दिले होते, तिला हा बदलही भारतीय पोशाखाच्या चौकटीतच शोधावा लागला. हिंदुस्थानातल्याच एका प्रांताच्या नेसणीतून दुसऱ्या प्रांताच्या नेसणीत जाणे, एवढेच स्वातंत्र्य तिने स्वतःला दिले. गाउन घातला नाही.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. समारंभाला रमाबाई उपस्थित होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या क्षयाने खंगून मुंबईला उतरल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, पुण्यात वारल्या. त्यांच्या आजाराला कपडे आणि आहार कारण झाले, असे सरळ विधान करण्याचा मोह टाळला पाहिजे. क्षय त्या काळी इथेही घरोघर होता आणि तिकडेही. पण एवढे खचित म्हणता येते की, थंड देशातल्या परक्या शरीराला जी मोकळीक हवी असते ती आनंदीबाईंनी निघण्यापूर्वीच गहाण टाकलेली होती. ती का टाकावी लागली, याचा जाब त्यांच्या हट्टाला नव्हे, तर त्यांना सहा प्रश्न विचारणाऱ्या समाजाला विचारावयास हवा.

त्यांची रक्षा गोपाळरावांनी अमेरिकेला कार्पेंटरबाईंकडे पाठवली, आणि ती पकिप्सी येथील स्मशानभूमीत त्या कुटुंबाच्या जागेत ठेवली गेली. काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये लिहिलेल्या चरित्रापासून श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीपर्यंत आनंदीबाईंच्या जाण्याचे वर्णन आपण किती वेळा वाचले. समुद्रापलीकडे गेलेल्या या शेवटच्या मुठीचा विचार क्वचितच करतो.

रमाबाईंची तयारी निराळ्या जातीची होती. त्यांना वाळीची धास्ती उरलेली नव्हती. आई-वडील गेलेले, भाऊ गेलेला, आंतरजातीय विवाह केलेला, नवरा १८८२ मध्ये गेलेला. समाजाने काढून घेण्यासारखे त्यांच्यापाशी फारसे शिल्लक नव्हते. त्यांच्या तिकिटाचे पैसे आले ते ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२) या त्यांच्याच पुस्तकाच्या विक्रीतून. स्त्रियांनी घरी कसे वागावे हे सांगणाऱ्या पुस्तकाने लेखिकेला घराबाहेर, समुद्रापार नेले, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात अधोरेखित व्हावयास हवी. लेखणीच्या कमाईवर परदेशप्रवास करणारी मराठी स्त्री त्या काळात दुसरी दाखवता येणे कठीण आहे.

प्रवासाचा त्यांनी लिहिलेला वृत्तांत ‘इंग्लंडचा प्रवास’ या नावाने १८८३ मध्येच छापला गेला. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. येथे एक विरोधाभास दिसतो. धर्म बदलला, परंतु शाकाहार सोडला नाही. पांढरी साडी सोडली नाही. ज्या दोन गोष्टींची आनंदीबाईंनी समाजाला हमी दिली होती, त्याच दोन गोष्टी रमाबाईंनी कोणाला हमी न देता सांभाळल्या. आनंदीबाईंच्या पेटीत अन्न-वस्त्राचा अर्थ ‘धर्म’ असा होता. रमाबाईंच्या पेटीत त्याच वस्तूंचा अर्थ ‘मी’ असा झाला. धर्म आणि आचार एकजीव आहेत, असे दोन्ही बाजूंचे सनातनी मानत होते. रमाबाईंनी ते दोन वेगळे करून दाखवले, आणि म्हणूनच त्यांच्यावर इकडचेही रागावले आणि तिकडचेही.

(४)

पाच वर्षांनी याच मुंबई बंदरातून एक अठरा वर्षांचा गुजराती विद्यार्थी निघाला. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ‘क्लाईड’ जहाजावर चढलेल्या मोहनदास गांधींनी आपल्या आत्मकथेत तयारीचे जे बारकावे दिले आहेत, तसे फार थोड्यांनी दिले असतील. मुंबईतल्या मोढ वाण्यांची सभा भरली, मुलगा ऐकेना म्हणून शेठने त्याला जातिबहिष्कृत ठरवले, आणि जो त्याला मदत करील किंवा धक्क्यावर निरोप द्यायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड जाहीर केला. निरोपाला दर ठरला, हे या इतिहासातले एक मासलेवाईक कलम आहे.

कपडे मित्रांनी शिवून घेतले. नेकटाय पाहून त्यांना किळस येई, आखूड कोट निर्लज्जपणाचा वाटे. मद्य, मांस आणि स्त्री यांना स्पर्श न करण्याची शपथ आईसमोर झाली, तीही सामानापैकीच. तीन आठवडे पुरेल एवढा खाऊ बरोबर घेतला. काटे-चमचे धरता येईनात, कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचे धैर्य होईना, म्हणून ते केबिनमध्ये बसून घरची मिठाई आणि फळे खात राहिले. बोटीवर काळा सूट वापरला आणि पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट उतरताना घालण्यासाठी जपून ठेवला. सप्टेंबरच्या अखेरीस इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा पांढऱ्या कपड्यातले ते एकटेच. सामान किल्ल्यांसह एजंटाच्या ताब्यात दिलेले, दिवस शनिवारचा. सोमवारपर्यंत कपडे बदलण्याची सोय नाही.

ही हकीकत हसून सोडून देण्यासारखी नाही. यादी देणारा कोणी नसला म्हणजे काय होते ते तिच्यात दिसते. पांढरा रंग इथल्या कल्पनेत शुभ्र, स्वच्छ, प्रसंगाला शोभणारा. तिथल्या ऋतूत तो विजोड ठरला. कापड इंग्रजी, शिवण इंग्रजी, पण ते कधी घालावे याचा निर्णय मात्र राजकोट-मुंबईच्या डोळ्यांनी केलेला होता. वस्तू उसनी घेता येते, तिचे व्याकरण घेता येत नाही. परदेशी वाङ्मयप्रकार मराठीत आणताना आपल्या लेखकांचे त्याच काळात जे झाले, त्याचे हे कपड्यांतले रूप म्हणावे लागेल.

१८९१ मध्ये ते परतले तेव्हा थोरल्या भावाने त्यांना आधी नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घातले, आणि मग राजकोटला जातीचे जेवण दिले. गेल्याचे प्रायश्चित्त महाराष्ट्रातल्या नदीत झाले. यानंतरच्या दशकात हा प्रश्न देशभर चर्चेला आला. बंगालमध्ये हिंदू समुद्रयात्रेच्या चळवळीचे पुस्तकच १८९४ मध्ये निघाले. विसाव्या शतकात निषेधाची धार बोथट होत गेली. टिळक १९१८ मध्ये चिरोल खटल्यासाठी विलायतेला गेले, तेव्हा जावे की न जावे हा वाद राहिलेला नव्हता. त्याच वर्षी पार्वतीबाई आठवले, अठ्ठेचाळीस वर्षांची विधवा, जुजबी इंग्रजीच्या बळावर अमेरिकेला निघाल्या; त्यांच्या ‘माझी कहाणी’ची (१९२८) तयारीची पाने या दृष्टीने अवश्य वाचावीत.

(५)

येथपर्यंतच्या सर्व पेट्यांत एक समान गृहीत आहे. जाणाऱ्यापाशी जपण्याजोगी जात आहे आणि समुद्रावर ती गळून पडण्याचा धोका आहे. हे गृहीत उलटे करणारा प्रवास १९१३ मध्ये मुंबईहून झाला. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर निघाले आणि त्या वर्षीच्या जुलैत न्यूयॉर्कला पोहोचले. त्यांना पंगतीतून उठवण्याची धमकी कोण देणार? पंगतीत त्यांना कोणी बसवलेच नव्हते. ज्या समुद्रात इतरांची जात बुडत होती, तो समुद्र त्यांच्यासाठी मोकळा श्वास होता. युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, अशा अर्थाचे त्यांनी आत्मकथनपर लेखनात नमूद केले आहे.

१९१७ मध्ये ते परतले. महायुद्ध चालू होते. जमवलेले ग्रंथ त्यांनी दुसऱ्या बोटीने पाठवले होते; ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. विद्यार्थिदशेत पोटाला चिमटा घेऊन घेतलेली पुस्तके समुद्रतळाशी गेली. आणि ज्याला बुडावयास हवे होते ते मात्र किनाऱ्यावर त्यांची वाट पाहत उभे होते. नोकरीसाठी बडोद्याला गेले, तर राहावयास जागा मिळेना. एका पारशी उतारगृहात नाव बदलून राहावे लागले. काही दिवसांतच लाठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना सामानासह बाहेर पडावे लागले.

सवर्ण प्रवाशाच्या आणि आंबेडकरांच्या या दोन पेट्या शेजारी ठेवल्याशिवाय समुद्रोल्लंघनाचा इतिहास पुरा होत नाही. आगबोटीच्या कंपनीने सामानाचे तीन वर्ग केले होते. समाजाने मात्र जात या वस्तूला एकच चिठ्ठी लावली होती. कोणी ती जिवापाड सांभाळून नेली, कोणी ती वाटेत खुशाल टाकून दिली. परत आल्यावर ती दोघांच्याही हातात पुन्हा देण्यात आली. फरक इतकाच की, एकाला नाशिकच्या स्नानाने पूर्ववत होता येत होते. दुसऱ्यासाठी असे कोणतेही तीर्थ नव्हते.

(६)

आज मुंबईच्या बंदरातून पर्यटकांसाठी क्रूझ निघतात. त्यांच्या तयारीच्या याद्या असतात: डोके फिरू नये म्हणून गोळ्या, पोहण्याचे कपडे, रात्रीच्या मेजवानीसाठी एक बरा पोशाख, चार्जर. जैन जेवण मिळेल का, हे विचारणारा प्रवासी आजही भेटतो, आणि त्यात काही वावगे नाही. परंतु या याद्यांत ‘परत घेतील का’ हा प्रश्न नाही. तो यादीतून गेला याचे मोल आपल्याला उमगत नाही, कारण तो तिथे कधी होता हेच आपण विसरलो आहोत. भाषेने मात्र थोडे जपून ठेवले आहे. कोकणच्या आगबोटी बंद झाल्या तरी ‘बोट लागणे’ हा शब्दप्रयोग टिकून आहे. ‘विलायतेहून आला’ यातला कौतुक आणि संशय यांचा मिश्र स्वर जुन्या नाटकांतून अजून ऐकू येतो.

प्रवासवर्णनाचे अध्यापन करताना आम्ही अलीकडे विद्यार्थ्यांना एक साधा स्वाध्याय देतो. पुस्तकातले पहिले प्रकरण घ्यावे आणि लेखकाने बरोबर काय नेले, काय मागे ठेवले, काय विकले आणि कोणाला काय वचन दिले, यांची चार स्तंभांत नोंद करावी. आनंदीबाईंच्या नोंदीत विकलेल्या स्तंभाखाली बांगड्या येतात आणि वचनाच्या स्तंभाखाली अन्न-वस्त्र. रमाबाईंचा वचनाचा स्तंभ जवळजवळ रिकामा राहतो. गांधींचा सर्वांत भरलेला. आंबेडकरांच्या बाबतीत परतीच्या सामानासाठी पाचवा स्तंभ आखावा लागतो. एवढ्या नोंदी झाल्या की लंडन आणि न्यूयॉर्कची वर्णने विद्यार्थी निराळ्या नजरेने वाचू लागतात, असा आमचा अनुभव आहे. तिकडे काय दिसले, हे पुष्कळ अंशी इकडून काय नेले होते यावर ठरत असते.